विमानाच्या झाकणाचे वाटे

पितळी ताटावर कुणी काठीनं बडवत सुटावं तसा तो आवाज होता. चाकणच्या रस्त्यावर तेव्हा बैलगाड्या चालत, आता कंपन्यांचे ट्रक चालतात. मधे इतका काळ गेला, पण तो आवाज मला अजून जसाच्या तसा ऐकू येतो.

पन्नासच्या दशकातली मधली वर्षं. महाराष्ट्र व्हायचा होता, आम्ही मुंबई राज्याचे पोलीस होतो. चाकणच्या बाजूला एक चौकी होती आणि तिथं मी जमादार, म्हणजे आजच्या भाषेत हेड कॉन्स्टेबल. दोन खोल्या, पुढं कडुनिंब, हाताखाली तीन-चार शिपाई. मी मूळचा तळकोकणातला. वडील गेले आणि चौथीतच शाळा सुटली. अक्षर बरं आणि छाती मापात बसणारी, एवढ्या भांडवलावर खात्यात लागलो. ज्यांनी मला घेतलं त्यांचे उपकार मी रोज मानत असे, आणि काहीतरी चुकेल, पट्टा काढून घेतील, मग ट्रंक घेऊन बोटीनं परत गावी जावं लागेल, ही भीतीही रोज वाटत असे. या भागात माझं म्हणावं असं कुणी नव्हतं. कदाचित म्हणूनच मी कामात कधी ढिलाई केली नाही.

लष्करी विमानं आमच्या डोक्यावरून रोज जात. सवयीनं कुणी मान वर करत नसे. त्या सकाळी मी निंबाखाली दाढी करत होतो. तो ताट बडवल्यासारखा आवाज आला आणि वर पाहिलं, तर विमान एका अंगावर कललेलं, नेहमीपेक्षा पुष्कळ खाली. त्यातून काहीतरी चकाकतं सुटलं आणि गिरक्या घेत नदीच्या बाजूला गेलं. विमान तसंच रखडत विमानतळाच्या दिशेनं दिसेनासं झालं. स्फोट नाही, धूर नाही. मी तोंडाचा साबण पुसला आणि चौकीच्या डायरीत नोंद केली.

दुसऱ्या दिवशी ठाण्याचे फौजदारसाहेब जीपमधून आले. त्यांच्यामागून विमानदलाची गाडी. तिच्यातून एक तरुण साहेब उतरले, इस्त्रीचे कपडे, बोलणं मोजकं. ते म्हणाले, "आमच्या विमानाचा एक भाग या भागात पडला आहे. शोधून द्या."

"काय भाग आहे, साहेब?" मी विचारलं.

"पत्रा."

"केवढा?"

"सापडल्यावर समजेल. आणि गावकऱ्यांशी चर्चा नको. ही गुप्त बाब आहे."

हुकूम मी पुष्कळ घेतलेत. पण काय शोधायचं ते न सांगता शोधायला लावणारा तो पहिलाच. पेपरातही दोनच ओळी आल्या. विमानाला किरकोळ बिघाड, वैमानिक सुखरूप. किरकोळ म्हणजे काय, ते कुणी लिहिलं नव्हतं.

सांगणारानं सांगितलं नाही की लोक आपल्या मनानं सांगायला लागतात. आठवडी बाजारापर्यंत काय काय उठलं नाही? सरकारनं बॉम्ब टाकून बघितला. त्या पत्र्याला औषध लावलंय, हात लागला की बोटं झडतात. इथल्या जमिनी तोफांच्या चाचणीला घेणार आहेत, त्याची ही सुरुवात. पिंपरीला तेव्हा कारखान्यांची बांधकामं नुकती लागली होती. गडी माणसं सायकलीवरून तिकडं कामाला जात आणि संध्याकाळी अफवा घेऊन परत येत. विमान आलं की बाया डोक्यावरचा भारा टाकून झाडाखाली पळत. भुईमूग काढायला आला होता आणि रानात माणूस थांबत नव्हता.

नदीकाठच्या ज्या गावाकडं तो चकाकता तुकडा गेलेला मी पाहिला होता, त्या गावाच्या पोलीस पाटलाचा रिपोर्ट आला. गावच्या हद्दीत काही पडलेले नाही. मी स्वतः गेलो. पाटील बाजेवर बसले होते, भारदस्त माणूस, मिशीवरून हात फिरवायची सवय.

"जमादार, गावात काय पडलं असतं तर मला कळलं नसतं व्हय?"

"म्हणूनच तर तुम्हाला विचारतोय."

"न्हाई हो. हितं आभाळातनं पाऊस पडत न्हाई येळंवर, पत्रा कुटनं पडायचा?"

लोक हसले. मीही हसलो. पण एक गोष्ट मी टिपली. एरवी गावात पोलीस गेला की चार जण चार गोष्टी सांगतात. इथं ज्याला विचारावं तो म्हणायचा, "न्हाई बा." सगळ्या गावाचं एकच उत्तर असलं, तर ते उत्तर आधी कुठंतरी बसून ठरलेलं असतं.

विमानदलाच्या साहेबांनी पत्रा ओळखायला म्हणून एक मेकॅनिक आमच्या चौकीवर ठेवला होता. त्याच्याबरोबर एक बंदूकधारी शिपाई. तो शिपाई रस्त्याकडं तोंड करून न बसता मेकॅनिककडं तोंड करून बसायचा. ते पाहिल्यावर मला समजायचं ते समजलं. मेकॅनिक विशी-पंचविशीचा, पार दक्षिणेकडचा, मलबारातला. मराठी अजिबात नाही, हिंदी मोडकी. जेवणवेळी आमच्या शिपायानं त्याच्यापुढं बाजरीची भाकरी ठेवली. त्यानं ती उलटसुलट करून पाहिली आणि हळूच विचारलं, "चावल नहीं है?"

मी माझ्यासाठी थोडा तांदूळ राखून ठेवलेला असे. तो त्या दिवशी दोघांसाठी शिजला. भाताबरोबर त्याची जीभ मोकळी झाली.

"जमादारसाब, इंजन का ढक्कन उड़ गया. ऊपर हवा में. पीछे जाके पूँछ को लगा. पायलट साब बहुत मुश्किल से उतरे."

"फिर तेरे को क्यों पकड़ा?"

"ढक्कन मैंने बंद किया था. लॉक हाथ से खींच के देखा था. पक्का था. लेकिन सब बोलते हैं, मैंने खुला छोड़ा."

"लॉक मिला तो पता चलेगा?"

"मिला तो मालूम पड़ेगा, खुला था कि टूटा. नहीं मिला तो मैं ही चोर."

"फिर क्या होगा?"

"इन्क्वायरी. फिर जेल. फिर घर."

जेलपेक्षा 'घर' हा शब्द त्यानं जास्त घाबरून उच्चारला. त्याचा अर्थ मला कुणी फोड करून सांगायची गरज नव्हती. घरापासून लांब नोकरीला आलेल्या माणसाला मान खाली घालून घरी जाणं किती कठीण, ते मी रोज मनात करून बघत होतो. तेव्हाच मी ठरवलं, हा पत्रा शोधायचा. हुकूम होता म्हणून शोधत होतोच, आता या माणसासाठी शोधायचा.

खबर आली ती चाकणच्या बाजारातून. तिथं कल्हईचं दुकान असलेले एक म्हातारे चाचा होते. भाता, नवसागर आणि कापसाचा बोळा, यांवर त्यांचा संसार. ते कधी चौकीची पायरी चढत नसत. त्या दिवशी आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "जमादारसाब, मेरे को कुछ नको, पण माझ्या दुकानात एक चीज पडली आहे, ती मला नको."

एका गिऱ्हाईकानं त्यांना चकचकीत पत्रा दिला होता. कडा वळवून परात करा आणि वरून कल्हई मारा, म्हणून. "अब इसको कल्हई लगती क्या? ये तो जर्मन है." ॲल्युमिनियमला तेव्हा सगळे जर्मन म्हणत. "आणि बाजारातलं जर्मन नव्हे. काठानं एका रांगेत भोकं आहेत. इतकी सीधी लाइन कोण मारतो?"

"कुणी दिला पत्रा?"

चाचा जरा घुटमळले. "नाम नको विचारू. मिशी बडी है."

मेकॅनिकनं पत्रा हातात घेतला, भोकांवरून बोट फिरवलं आणि मान हलवली. त्याच झाकणाचा तुकडा. पण लॉक त्यावर नव्हतं. झाकण बैलगाडीच्या साटीएवढं, आणि हा तुकडा परातीएवढा. बाकीचं कुठं?

खुद्द पोलीस पाटलाकडं तुकडा आहे म्हटल्यावर माझ्या डोक्यात उजेड पडला. या बाजूच्या गावांची एक रीत मी पाहिली होती. जत्रेचा बोकड असो, डोहातले मासे असोत, गायरानातलं गवत असो, जे गावाचं त्याचे उंबऱ्यागणिक वाटे पडतात. सारखे ढीग घालतात. एक माणूस ढिगांकडं पाठ करून उभा राहतो. दुसरा एका ढिगावर हात ठेवून विचारतो, "ह्यो कुणाचा?" पाठमोरा घराचं नाव घेतो. कुणी निवड केली असं म्हणायला जागाच नाही. झाकण गायरानात पडलं असणार, म्हणजे गावाचं. त्याचे वाटे पडले असणार. आणि ज्या गुन्ह्यात घरटी एक वाटेकरी आहे, त्याचा साक्षीदार कुठून मिळायचा?

मी मेकॅनिकला आणि त्याच्या पहारेकऱ्याला बरोबर घेतलं आणि सकाळीच गावात गेलो. कोतवालाकडून दवंडी देवविली. चावडीसमोर गाव गोळा झालं, पुरुष पारावर, बाया भिंतीकडेला. मी परात होऊ घातलेला पत्रा पाटलांसमोर ठेवला.

पाटलांचा हात मिशीवरच थांबला. "मला वाटंत गावला," ते म्हणाले.

"आणि बाकीचा?"

"बाकीचं मला काय ठावं?"

एकेकाला पुढं बोलावलं. लोहार, न्हाई बा. गुरव, न्हाई बा. एक गडी तर मी विचारायच्या आधीच न्हाई म्हणाला. लोक तोंड दाबून हसले. असा तास गेला असेल. आवाज चढवून, दम देऊन काही मिळणार नाही हे दिसत होतं. दम सगळ्यांना सारखा वाटून घेता येतो. मग मी चाल बदलली. माझा तपासातला अनुभव असा, की मालाबद्दल विचारलं तर माणूस गप्प बसतो, पण वाटणीतल्या अन्यायाबद्दल विचारलं तर त्याला गप्प बसवत नाही.

मी मोठ्यानं म्हणालो, "बरं, राहिलं. वाटे नीटच पडले असतील. नाहीतर काही घरांना चांगला पत्रा आणि काही घरांना चिंध्या, असं व्हायचं. तसं तर काही झालं नाही ना?"

भिंतीकडून बाईचा आवाज आला.

"चिंध्या न्हाईत, मोडकं आलं. मोडकं."

शेळ्या राखून पोट भरणारी ती विधवा बाई होती, चाळिशीची, अंगानं काटक. पाटील खेकसले, "ए बाई, गप की."

"का गप? त्या दिशी बी गपच म्हनलास. समद्यास्नी सपाट पत्रा आन मला पट्टी, तिला लोंबती मोडकी खिटी. मी तवाच म्हनलं, बदलून द्या. नवरा न्हाई म्हनून मोडकं घ्यायचं व्हय?"

"अगं, पाठमोरं नाव घेतलं व्हतं तुजं, कुनी निवडून दिलं का?"

"मोडकं ढिगात घातलंच कशापायी?"

दोघांची अशी जुंपली की सगळं गाव त्यात उतरलं. कुणी म्हणे बाईचं बरोबर, कुणी म्हणे वाटा तो वाटा. थोड्या वेळापूर्वी ज्यांनी पत्रा पाहिलाही नव्हता, ते आता त्याचे तुकडे किती रुंद होते त्यावर भांडत होते. माझ्याबरोबरच्या शिपायानं तोंड फिरवून हसून घेतलं.

खिटी म्हणजे मेकॅनिक सांगत होता ते लॉकच. मी मात्र एकाच शब्दावर अडकलो होतो. मोडकी.

"बाई, ती खिटी आणून द्या."

"न्हाई देत." तिनं सरळ सांगितलं. "शेरडांच्या दाराला लावलीया, दोरीनं आवळून. आन दिली की उद्या आमालाच धरून न्याल."

पाटीलही हळू आवाजात म्हणाले, "जमादार, तिचं बी खरं हाय. कशाला पायजे ते सांगत न्हाई, नुसतं द्या म्हनता. भ्या वाटतं मानसाला."

आता काय करायचं? गावकऱ्यांशी चर्चा नको, हा हुकूम. तो मोडला तर माझा पट्टा जाऊ शकत होता, आणि पट्टा गेला की बोट. पण समोर तो मेकॅनिक उभा होता. भाषा कळत नसल्यानं तो नुसता तोंडांकडं बघत होता, आपलं काय होतंय ते त्यावरून ताडत. लष्करातली गुपितं कशाला असतात, ते मला कळत होतं. शत्रूला कळू नये म्हणून. ज्यांच्या डोक्यावर पत्रा पडला त्यांना कळू नये म्हणून नव्हे.

मी चावडीच्या पायरीवर चढलो आणि सगळं सांगितलं. बॉम्ब नाही, औषध नाही, जमिनीही कुणी घेत नाही. विमानाच्या इंजिनावरचं झाकण हवेत उडालं. ते याच माणसानं बसवलं होतं. तो म्हणतो नीट बसवलं, बाकीचे म्हणतात उघडं ठेवलं. खिटी मिळाली तर खरंखोटं होईल, नाही मिळाली तर हा तुरुंगात जाईल. घर याचं फार लांब आहे. आणि फौजदारसाहेबांना मी आधीच विचारून आलोय, जो आणून देईल त्यानं सापडलेली वस्तू जमा केली, असंच लिहिलं जाईल. चोरीचा गुन्हा नाही.

बाईनं मेकॅनिकला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. "ह्यानं बसवलं व्हतं?"

"हो."

"मोडकंच आलं व्हतं ते. आमी न्हाई मोडलं."

"तेच तर पाहायचंय."

"आन काय निघालं त्ये आमाला कळंल का? का घेऊन जाशीला आन चिडीचूप?"

"कळेल," मी म्हणालो. "हीच चावडी, इथं येऊन सांगू. माझा शब्द."

शब्द तोंडातून गेला. वर्दीत दिलेला शब्द परत घेता येत नाही.

बाई घरी गेली आणि पट्टी घेऊन आली. मागं तिची शेळी मोकळी सुटून चावडीपर्यंत आली होती. मग एकेक जण उठला. रांजणावरचं झाकण आलं, गोठ्याच्या छपराची पन्हळ आली, कोंबड्यांच्या खुराड्याचं दार आलं. लोहारानं छिन्नीनं तुकडे स्वतःच केल्याचं आपणहून सांगितलं, आणि कुठला तुकडा कुठं लागतो तेही. चावडीपुढं बायांनीच ते झाकण गोधडीचे तुकडे जुळवावेत तसं जमिनीवर जुळवून दिलं. मेकॅनिक गुडघ्यांवर बसला होता. खिटी समोर होती, पण मी त्याला हात लावू दिला नाही. त्याच्याच भल्यासाठी. पंचांसमोर पंचनामा केला, वाचून दाखवला आणि खिटी कापडात बांधून तिला मोहोर केली.

दुसऱ्या दिवशी विमानदलाचे साहेब आले. जुळवलेलं झाकण पाहून थबकले. पण खिटी पाहताच त्यांचा चेहरा उतरला.

"ही तुटली आहे. पण कशानं? तुकडे करताना छिन्नीचा घाव बसला असेल. याला पुरावा म्हणता येणार नाही."

"घाव मी घातला न्हाई तिथं," लोहार म्हणाला.

"तू म्हणतोस."

"मी म्हनते," बाई पुढं आली. "साहेब, ढिगात पडली तवाच मोडकी व्हती. मी त्याच्यावरनं पाटलाशी भांडले. इचारा कुनालाबी."

विचारायची गरज पडली नाही. साऱ्या गावानं एकदम सांगितलं. कुणी तिची नक्कल करून दाखवली, कुणी पाटलांची. पाटील स्वतः म्हणाले, "साहेब, खरं हाय. घाण घाण बोलली मला." गावाला कायदा ठाऊक नव्हता, पण जे झालं ते सगळ्यांच्या देखत, दिवसाउजेडी झालं होतं. चार जण पढवता येतात, भांडणाला जमलेलं अख्खं गाव पढवता येत नाही.

साहेब माणूस न्यायाचा होता. त्यांनी खिशातून भिंग काढलं आणि खिटी उन्हात धरून पुष्कळ वेळ पाहिली. मोडलेल्या जागेचा निम्मा भाग काळा पडलेला होता, निम्मा स्वच्छ. तड आतून फार आधीची होती, वरच्या टोपणाखाली झाकलेली, कुणाला दिसणं शक्यच नव्हतं. उरलेला भाग त्या दिवशी हवेत तुटला. साहेबांनी भिंग मिटलं आणि बंदूकधारी शिपायाला इंग्रजीत दोन शब्द सांगितले. शिपाई मेकॅनिकच्या मागून हलला आणि गाडीपाशी जाऊन उभा राहिला. बस, एवढंच. पण मेकॅनिकनं एकदा मागं वळून ती रिकामी जागा पाहिली, मग पुन्हा एकदा पाहिली.

साहेब निघताना सर्वांना म्हणाले, "आता याबद्दल कुणी कुठं बोलायचं नाही."

"साहेब," तीच बाई म्हणाली, "मग उद्या वरनं जी इमानं जानार, त्यांच्या खिट्या कशा हायेत?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हणालो, "मी त्यांना शब्द दिलाय, साहेब. काय निघालं ते सांगू म्हणून."

"तो तुम्ही कुणाला विचारून दिलात?" असं म्हणून ते गेले.

पुढचे दिवस मला अन्न गोड लागलं नाही. ठाण्यातून बोलावणं आलं तेव्हा मी ट्रंक आवरूनच गेलो होतो. फौजदारसाहेबांच्या टेबलावर विमानतळावरून आलेला कागद होता. त्यांनी तो वाचला, चष्मा काढला.

"हुकूम मोडलास."

"होय साहेब."

"का?"

"खिटी हुकमानं मिळत नव्हती, साहेब. सांगितल्यावर मिळाली."

त्यांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "शब्द तू दिलास, पण खाकीत दिलास. म्हणजे तो माझाही झाला. चल, टोपी घाल."

माझ्या उभ्या नोकरीत मला इतकं मोठं वाक्य कुणी दिलं नाही. ते मला घेऊन थेट विमानतळावर गेले. तिथल्या मोठ्या साहेबांपुढं त्यांनी साधी गोष्ट मांडली. "तुमची विमानं आमच्या गावांवरून जाणार. पुन्हा कधी काही पडलं, तर ते चावडीवर जमा व्हायला हवंय की घरोघर वाट्यानं जायला हवंय? पहिलं हवं असेल तर लोकांशी बोला. तुमचं विमान किती उंच जातं ते त्यांना नकोय. ते डोक्यावर पडेल का, एवढंच हवंय." मोठे साहेब ऐकून घेत होते. होकार दिला नाही, नकारही दिला नाही.

गावातल्या लोकांना मात्र एक गोष्ट लगेच जाणवली. विमानं येईनाशी झाली होती. आभाळ गप्प होतं. गप्प आभाळानंही लोक घाबरत होते. मी रोज जाऊन पारावर बसत असे आणि काही बातमी नाही, असं सांगत असे. नसलेली बातमीही जाऊन सांगावी लागते, हे मी तेव्हा शिकलो.

आणि मग बाजारच्या दिवशी गाडी आली. तेच तरुण साहेब, आणि बरोबर तो मेकॅनिक, या वेळी पुढच्या सीटवर. साहेबांनी स्वतःच कोतवालाला दवंडी द्यायला सांगितलं. चावडीच्या पायरीवर उभे राहून ते बोलले, आणि या वेळी मोजकं बोलले नाहीत.

"खिटी सदोष होती. आम्ही बाकीची विमानं जमिनीवर उतरवून तपासली. आणखीही काही खिट्यांना आत तशीच तड निघाली. ती विमानं उडत राहिली असती तर काय झालं असतं, ते मी सांगायला नको. सगळ्या खिट्या आता बदलल्या आहेत. यापुढं झाकण बंद केल्यावर एकाऐवजी दोघे तपासतील. या माणसाचा काही दोष नव्हता, तसं लेखी झालं आहे. उद्यापासून विमानं पुन्हा येतील."

साहेबांनी एक नवी खिटी बाईच्या हातात दिली. बाईनं ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली, दोन्ही हातांनी ओढून पाहिली. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते, साहेबसुद्धा.

"ही बरी हाय," ती म्हणाली. "आन माझी?"

"तुमची पुरावा म्हणून ठेवावी लागेल."

"मग शेरडं कशानं कोंडू?"

हशा पिकला. मेकॅनिकला कुणीतरी हिंदीतून समजावलं. तो गाडीकडं गेला, पान्हे आणि कांब घेऊन आला आणि लोहाराच्या भात्यापाशी बसून त्यानं शेळ्यांच्या दाराला एक खिटी करून बसवली. बसवल्यावर हातानं ओढून पाहिली. मग लोहाराला खूण केली, त्यानंही ओढून पाहिली.

दुसऱ्या सकाळी मी मुद्दाम त्या गावच्या शिवारात होतो. विमान आलं. बाया भुईमूग उपटत होत्या. कुणी भारा टाकला नाही, कुणी झाडाखाली पळालं नाही. ती बाई तेवढी कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि विमान पार दिसेनासं होईपर्यंत बघत राहिली. मग म्हणाली, "नीट बसवलीया," आणि पुन्हा खाली वाकली.

या घटनेनंतर मला शिक्षा झाली नाही. उलट पुढं बढती मिळत मी फौजदार म्हणून निवृत्त झालो. चौथी शिकलेल्या माणसाला या खात्यानं, या भागानं एवढं दिलं, ते फेडायची माझी ऐपत नाही. आता पिंपरीत घर आहे. बोटीचं भय कधीच गेलं, ट्रंकेत आता नातवंडांची खेळणी असतात. पण त्या प्रकरणानं लागलेली एक सवय मी शेवटच्या दिवसापर्यंत सोडली नाही. ज्या गावात तपास केला, त्या गावात परत जाऊन निकाल सांगायचा. आरोपी सुटला तरी सांगायचं, आमचं चुकलं तरी सांगायचं, काहीच निघालं नाही तर तेही सांगायचं. वरिष्ठ कधी कधी म्हणत, याची काय गरज? मी म्हणायचो, साहेब, पुढच्या वेळी मला त्याच चावडीवर उभं राहून विचारायचं असतं.